नेरळ की नेरूळ

कर्जतच्या फलाटावर खोपोलीची लोकल लागते तेव्हा तिच्यात मुंबईच्या लोकलची घाई नसते. डबे तेच, हँडल तीच, पण बहुतेक गर्दी कर्जतला उतरून गेलेली असते आणि मागे राहिलेली माणसे एकमेकांना ओळखणारी असतात. ओटीवर बसल्यासारखी ती गप्पा मारतात. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी मी आणि अकरावीतली माझी मुलगी या गाडीत चढलो. हातात शाळेची चौकटींची वही, पेन आणि दोन मोबाइल. कुणाकडे जायचे नव्हते, बाजारहाटही नव्हता. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली ही पाच स्टेशने नीट पाहून लिहून आणायची होती.

समोरच्या बाकावरच्या दूधवाल्या काकांनी विचारले, "सरकारी सर्वे आहे का, बाई?" मी नाही म्हटले. "मग कशाला?" याचे उत्तर पळसदरी येईपर्यंत देऊन होणार नव्हते. इथे मात्र ते सविस्तर सांगते.

अब्बांचे घर नेरळला. दोन पावसाळ्यांपूर्वी, जुलैत, फजरच्या थोडे आधी अब्बा गेले. पाऊस असा की अंगणातले पाणी पायरीला लागलेले. घरात मी थोरली, त्यामुळे नातेवाइकांना कळवायचे माझ्याकडे आले. खानदानाच्या ग्रुपवर उर्दूत चार ओळी लिहिल्या : अब्बांचा इंतिकाल झाला, मय्यत नेरळच्या घरी आहे, जोहरनंतर मिट्टी. मालेगावला अब्बांच्या थोरल्या बहिणीला, माझ्या फूफीला, हा निरोप त्यांच्या नातवाने वाचून दाखवला. सहा वाजता जीप ठरली आणि ते निघाले. पाऊस असूनही दुपारच्या आत पोहोचतील असा हिशेब होता.

सव्वाबाराला नातवाचा फोन आला. "आपा, आम्ही स्टेशनबाहेर उभे आहोत. इथून कुठे यायचं?" मी म्हटले, माथेरानच्या टॅक्सी उभ्या असतात ना, त्यांच्या बाजूने बाहेर या, मी भावाला पाठवते. तो म्हणाला, "इथे टॅक्सी आहेत, पण माथेरानच्या नाहीत. मोठमोठ्या इमारती आहेत." माझ्या पोटात गोळाच आला. ते नेरूळला उभे होते, नवी मुंबईत. तिथून पनवेल, चौक, कर्जत असे फिरून आमच्याकडे यायला भर पावसात दोन तास तरी हवेत.

जोहर झाली. वडीलधाऱ्यांनी अर्धा तास वाट पाहिली. कबरीत पाणी भरत होते, माणसे बालद्यांनी उपसत होती. आणखी थांबा म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती आणि तसे म्हणणे योग्यही नव्हते. जनाजा उठला. असरच्या थोडे आधी फूफी पोहोचल्या. घरात न येता आधी कब्रस्तानच्या दारापर्यंत गेल्या, तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग आल्या. धाकट्या भावाचे तोंड त्यांना शेवटचे पाहता आले नाही. बोलल्या काहीच नाहीत. नातू मात्र रडत माफी मागत होता.

त्या रात्री सगळे निजल्यावर मी सकाळचा निरोप पुन्हा उघडला. गावाचे नाव मी चार अक्षरांत लिहिले होते : नून, ये, रे, लाम. जबर नाही, पेश नाही. उर्दू लिहिताना आपण मात्रा लिहीत नाही, वाचणारा त्या आपल्या मनाने घालतो. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी फळ्यावर शिकवते : मात्रा नसली की वाचणारा आपल्या ओळखीचा शब्द वाचतो. मालेगावच्या माणसाला ओळखीचे काय, नेरळ की नेरूळ? नेरूळला हॉस्पिटले आहेत, कॉलेजे आहेत, त्याचे नाव रोज कानावर पडते. रोमन लिपीत लिहिले असते तरी दोन्ही नावांत फरक एकाच अक्षराचा. तीन लिप्यांत मराठी तेवढी बिनचूक. नेरळ आणि नेरूळ यांत ती गल्लत होऊच देत नाही. मराठीत लिहिले असते तर? पण मालेगावच्या त्या घरात सहज वाचली जाते ती उर्दू, म्हणून मी उर्दूत लिहिले. घर आणि स्टेशन नकाशावरची खूण करून पाठवले असते तर? ते मला सुचलेच नाही.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मुलीला तेवढी सांगितली, तीही दोन-तीन महिन्यांनी. ती म्हणाली, "अम्मी, निरोप आता दुरुस्त होणार नाही. नकाशा होईल."

तेव्हा मला कळले की जगात असाही एक नकाशा आहे जो कुठल्या कंपनीचा नाही आणि सरकारचाही नाही. ओपनस्ट्रीटमॅप त्याचे नाव. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने तो सुरू केला. विश्वकोश जसा लोकांनी मिळून लिहावा तसा हा नकाशा लोकांनी मिळून काढायचा. खाते उघडले की कुणालाही त्यात भर घालता येते. अट मोठी सोपी आणि मोठी कडक : दुसऱ्या नकाशावरून उतरवायचे नाही. स्वतः पाहिलेले, पाटीवर वाचलेले, पायाखालून गेलेले तेच लिहायचे. प्रत्येक बदलामागे कुणी, केव्हा, कशाच्या आधारे केला याची नोंद राहते आणि चुकीचे असेल तर दुसरा कुणीही ते दुरुस्त करतो. २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या लोकांनी घरी बसून, उपग्रहाची चित्रे पाहत त्या शहराचे रस्ते याच नकाशावर काढून दिले आणि मदत पथकांनी ते वापरले.

स्टेशन कसे नोंदवतात तेही सांगते. स्टेशन हा नकाशावरचा एक बिंदू. त्याला चिठ्ठ्या जोडायच्या : हे रेल्वेचे स्टेशन आहे की नुसता हॉल्ट, नाव काय, रेल्वेचे संकेताक्षर काय. कर्जतचे केजेटी, नेरळचे एनआरएल. नावाच्या चिठ्ठ्या प्रत्येक भाषेसाठी वेगळ्या, मराठीची वेगळी, हिंदीची वेगळी, उर्दूची वेगळी. मग फलाट, पादचारी पूल, जिना, उतार, प्यायचे पाणी, स्वच्छतागृह. व्हीलचेअर जाऊ शकते का, याला तीन उत्तरे : होय, मर्यादित, नाही. जिन्याला पायऱ्या किती तेही लिहिता येते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे स्टेशनात शिरायच्या वाटा. स्टेशनाचा बिंदू साधारण रुळांच्या मधोमध असतो. वाटा नोंदलेल्या नसल्या की मोबाइल रिक्षाला जवळच्या कुठल्याही रस्त्यावर नेऊन सोडतो, मग तो रुळांच्या पलीकडचा का असेना. हातात सामान, कडेवर मूल, आणि फाटक दुसऱ्या बाजूला. हा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच जणींनी घेतला असेल.

नेरळ नकाशावर होतेच, कर्जतही होते. मी पाहिले तेव्हा उर्दूची जागा मात्र रिकामी होती. मला तिथे काय भरायचे ते ठाऊक होते, पण हात चालेना. म्हटले, आधी लहान स्टेशनांपासून सुरुवात करू, म्हणून खोपोलीची गाडी.

पळसदरीला गाडी जेमतेम थांबते. मोठ्या फाट्याचे हे लहान गाव. इथून एक वाट घाटाने पुण्याला जाते, दुसरी खोपोलीला. पावसाळ्यात इथल्या धरणावर आणि धबधब्यांवर मुंबईकरांची जत्रा असते, दिवाळीनंतर सगळे शांत. पाटीवर मराठीत पळसदरी, म्हणजे पळसाची दरी, अर्थ आणि ओळख एकत्र. हिंदीत ळ नाही म्हणून पलसदरी. इंग्रजीत काही ठिकाणी द ला एच जोडतात, की झाली पलसधारी. माझ्या मुलीच्या मुंबईच्या मैत्रिणी तसेच म्हणतात. केळवलीतही ळ, डोळवलीतही ळ. रायगडच्या या पट्ट्यात ळ शिवाय गावच सापडत नाही की काय असे वाटते. उर्दूत त्या ळ साठी लाम लिहायचा, दुसरा इलाज नाही. म्हणून उर्दूच्या चिठ्ठीत तरी बाकीच्या मात्रा नीट हव्यात, हे मला त्या फलाटावर पटले.

पळसदरी मागे पडली की थोड्याच वेळात कर्जत तालुका संपतो आणि खालापूर सुरू होतो. एकेरी मार्ग, दोन्हीकडे भाताची कापलेली खाचरे, डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत. केळवलीला आम्ही उतरलो. इथे गाड्या मोजक्याच, त्यामुळे उतरलो म्हणजे अडकलो. मुलीला त्याचे काहीच वाटले नाही. तिच्या मोबाइलवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचे अ‍ॅप आहे, ते चालता चालता प्रश्न विचारते : या वाटेवर दिवे आहेत का? ही वाट मातीची की डांबरी? या बाकाला पाठ आहे का? ती उत्तरे देत फिरत होती. मी पाटीवरची नावे तिन्ही लिप्यांत वहीत उतरवत होते. एकदा ती फोटोसाठी रुळांकडे फारच सरकली तेव्हा मी अशी ओरडले की झाडाखाली बसलेली दोन माणसे उठून उभी राहिली. नकाशा करणाऱ्यांचा हा पहिला नियम मी केला आहे : रूळ ओलांडायचा नाही, पलीकडची माहिती पुलावरून जाऊन घ्यायची, पूल नसेल तर ती माहिती नकोच.

डोळवलीला एक म्हातारी बाई भाजीच्या पाट्या घेऊन बसली होती. तिला विचारले, गावाचे नाव कसे म्हणता? तिने दोनदा म्हणून दाखवले आणि वर म्हणाली, "लिवा, लिवा, पन गाड्या वाडवा म्हनून बी लिवा." ती चिठ्ठी नकाशात नाही, मी तिला तसे सांगितले. तिला माझा नकाशा फारसा उपयोगाचा वाटला नाही.

लौजी हे खोपोलीच्या उंबरठ्यावरचे. इंग्रजी स्पेलिंग असे की वाचणारा लोजी, लावजी, लवजी काहीही म्हणू शकतो. पुढे खोपोली, इथे रूळ संपतात. समोर घाट उभा, त्याच्या पोटातून टाटांच्या वीजघराचे मोठे नळ उतरलेले. लोणावळ्याकडच्या धरणांचे पाणी १९१५ पासून इथे वीज करते आणि मग पाताळगंगेला मिळते. उन्हाळ्यात पाताळगंगेला पाणी दिसते त्याचे कारण हे.

खोपोली स्टेशनात बसून मी मुलीला जे सांगितले ते वाचकांनाही सांगायला हवे. आज ही शेवटची, लहान शाखा वाटते, पण एके काळी मुंबईहून पुण्याला जाणारी रेल्वे इथेच येऊन थांबत होती. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि तीनच वर्षांनी, मे १८५६ मध्ये, रूळ खोपोलीला पोहोचले. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखीने, तट्टावर किंवा पायी घाट चढून खंडाळ्याला दुसरी गाडी पकडत. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये उघडला. हजारो मजूर त्यावर राबले, पटकी आणि तापाने कितीतरी तिथेच गेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडले नाही, माणसे नेमून ते पुरे केले. घाट उघडला आणि मोठ्या गाड्या पळसदरीवरून वळून वर जाऊ लागल्या. खोपोली बाजूला पडली.

त्या काळच्या इंग्रजी कागदांत खोपोलीचे नाव कसे येते माहीत आहे? कॅम्पूली! मुलगी इतकी हसली की शेजारची मुलेही हसू लागली. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जुन्या नावासाठीही चिठ्ठी असते.

मला गंमत वाटते ती अशी की ज्यांनी रूळ टाकले त्यांनी आमची नावे आपल्या कानाने ऐकून लिहिली, आणि आम्ही दीडशे वर्षे ती तशीच वाचत आलो. भिवपुरी रोडचेच पाहा. स्टेशनाच्या नावामागे रोड लागला की समजावे, मूळ गाव इथे नाही, इथून त्या गावाला रस्ता जातो. भिवपुरीचे वीजघर शोधत नवखा माणूस भिवपुरी रोडला उतरला तर त्याला पुढे बरीच वाट आहे. चौकाचे तर विचारूच नका. पनवेल मार्गावरचे खालापूर तालुक्यातले ते गाव. मोबाइलवर चौक म्हणून शोधा, देशातले सगळे चौक पुढे येतात. आणि कर्जत दोन आहेत, एक आमचे रायगडचे, दुसरे अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, तेही तालुक्याचे गाव. बदलीच्या काळात शिक्षकांच्या घरी यावरून काय काय होते ते एखाद्या शिक्षिकेलाच विचारा.

माझ्याकडूनही चूक झाली. घाटात ठाकुरवाडी, जांबरुंग, नागनाथ, मंकी हिल अशी ठिकाणे आहेत. लहानपणापासून खिडकीतून पाहिलेली, म्हणून मी उत्साहाने त्यांतली दोन साध्या स्टेशनांसारखी टाकून दिली. दुसऱ्याच दिवशी एका अनोळखी नकाशाकाराचा निरोप आला, अगदी अदबीने : इथे प्रवासी चढता-उतरताना तुम्ही पाहिले आहेत का? नव्हते पाहिले. घाट उतरणाऱ्या गाड्या ब्रेक तपासायला तिथे थांबतात, ते रेल्वेच्या कामाचे थांबे आहेत, तिकीट काढून जायची स्टेशने नाहीत. कुणी माझ्या नोंदीवर विसंबून पावसात मंकी हिलला उतरले असते तर? मी नोंद बदलली आणि त्याला शुक्रिया लिहिला. चाळिशीत कुणी आपली वही तपासणे हे अवघड असते, पण वाईट नसते.

एका स्टेशनावर रेल्वे पोलिसाने हटकलेही. दोन बायका पुलावर उभ्या राहून पायऱ्या मोजतात म्हटल्यावर तो विचारणारच. मुलीने त्याला मोबाइलवर नकाशा दाखवला. त्याने भुवया वर केल्या, चष्मा लावला आणि म्हणाला, "हा जिना इथे दाखवलाय, पण तो बंद आहे. नवा त्या टोकाला केलाय, चला दाखवतो." आणि स्वतः येऊन दाखवला.

जानेवारीत आम्ही माथेरानची छोटी गाडी घेतली. नेरळच्या मोठ्या फलाटांना लागूनच तिचा फलाट. अब्बा या गाडीबद्दल नेहमी अभिमानाने सांगत, कारण ती बांधली एका मुसलमान कुटुंबाने. मुंबईचे बोहरी उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा दिला आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात मार्ग उभा केला. सोळा लाख रुपये लागले, त्या काळचे. इंजिनीअर म्हणून सल्ला एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा, ज्यांनी आपली बार्शी लाइट रेल्वे केली तेच. रुळांतले अंतर फक्त दोन फूट. सुमारे २१ किलोमीटरची वाट डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळसे घेत जाते. २६ जुलै २००५ च्या पावसात ती वाहून गेली, दुरुस्त झाली, २०१९ च्या पावसाने पुन्हा मोडली आणि २०२२ च्या ऑक्टोबरात पूर्ण मार्गावर परत धावली.

हिची स्टेशने नोंदवणे म्हणजे मजा. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. दोन नावे उर्दूतून आली म्हणावीत अशी आणि एक सरळ इंग्रजी. वॉटर पाइप उर्दूत लिहायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. रुळांच्या अंतराची चिठ्ठी असते, तिथे मुलीने ६१० लिहिले, मिलिमीटरमध्ये. अमन लॉजला मी जरा जास्त वेळ घालवला. दस्तुरीपर्यंत मोटारी येतात, पुढे माथेरानात त्यांना मनाई, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांसाठी अमन लॉज ते माथेरान ही लहानशी फेरी फार मोलाची. मोटार जिथे सोडते तिथून फलाटापर्यंत किती चालावे लागते, वाट कशी आहे, बसायला जागा आहे का, हे सगळे लिहिले.

पनवेल-कर्जत मार्गाचे काम तेव्हा चालू होते. २९.६ किलोमीटर, पाच स्टेशने : पनवेल, चिखले, मोहपे, चौक, कर्जत. मधे तीन बोगदे, त्यांतला वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब. नकाशात अशा मार्गाला 'बांधकाम चालू' अशी वेगळी खूण असते, म्हणजे कुणी लोकलची वाट पाहत बसणार नाही. चौकाला आम्ही गेलो तो दिवस ढगाळ होता. समोर इरशाळगड. त्याच्या अंगावरची इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकांना पावसात, चिखलात, पायवाटेने चढून जावे लागले, खराब हवेत हेलिकॉप्टरही उडू शकले नाही. माझी मुलगी त्या डोंगराकडे बघत म्हणाली, "अम्मी, स्टेशनं तर कुणीही टाकील. वाड्यांच्या वाटा कोण टाकणार?"

तेव्हापासून शाळेत एक उपक्रम सुरू केला आहे. आठवीची मुले सुट्टीत आपल्या वाडीपासून रस्त्यापर्यंतची वाट चालतात आणि वहीत काढून आणतात : ओढा कुठे लागतो, पावसात तो उतरता येतो का, बोअरिंग कुठे आहे, वाडीला घरचे लोक काय म्हणतात. ठाकरवाड्यांतली मुले यात आमच्यापेक्षा हुशार. एकाने एका ओढ्याला लागून तीन वाटा काढल्या, उन्हाळ्याची, पावसाळ्याची आणि रात्रीची. रात्रीची वेगळी का, म्हटले. "साप," तो म्हणाला. नकाशात सापाची चिठ्ठी नाही, पण वाट टाकली.

उरले नेरळ. फेब्रुवारीत फूफी येणार असे कळले तेव्हा मी ते काम हातात घेतले. उर्दूच्या रिकाम्या जागेत नून, ये, रे, लाम लिहिले आणि रे वर जबर दिला. मग नवी मुंबईत जाऊन, म्हणजे पडद्यावर, नेरूळ पाहिले. तिथे वाव लिहिलेला हवा, म्हणजे पाच अक्षरे. स्वतः पाहिल्याशिवाय लिहायचे नाही हा नियम, म्हणून एका रविवारी खास नेरूळला गेले. पहिल्यांदाच गेले. स्टेशनाबाहेर उभी राहिले, जिथे त्या दिवशी जीप उभी राहिली असेल. मोठमोठ्या इमारती, नातवाने सांगितले होते तशाच. अर्ध्या तासाने परत फिरले आणि घरी येऊन वाव लिहिला.

फूफी या वेळी मालेगावहून मनमाडला आणि तिथून रेल्वेने आल्या. कल्याणला उतरून कर्जत लोकल. मी नातवाला स्टेशनाची, त्यातून बाहेर पडायच्या वाटेची आणि घराची अशा तीन खुणा पाठवल्या होत्या. त्याच्या मोबाइलवर ऑर्गॅनिक मॅप्स घालून दिले, ते याच नकाशावर चालते आणि नेटवर्क नसले तरी दाखवते. मी फलाटावर होतेच, खुणांची गरज पडली नाही.

बाकावर बसून त्या दम खात असताना मी त्यांना ते सांगून टाकले. चार अक्षरे, जबर, पेश, सगळे. मोबाइलवर नाव मोठे करून दाखवले. फूफींनी पडदा डोळ्यांजवळ नेला.

"पण पोराने बरोबर वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "नेरलच म्हणाला. मी त्याच्या शेजारी होते. ड्रायव्हर म्हणाला, नेरुल ना, मला माहीत आहे. आणि आम्ही कुणी काही बोललो नाही. मीही नाही. मला वाटलं, त्याला माहीत असेल."

मी काहीच बोलले नाही. नातू दुसरीकडे बघत होता. दीड वर्ष तो स्वतःला आणि मी स्वतःला दोष देत होतो, आणि फूफींनी त्यांचा वाटा आज उचलला.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "इथे वजूला पाणी कुठे आहे? जोहर जाईल माझी." मी नळ दाखवला. "हे लिहिलंस का तुझ्या नकाशात?" नळ लिहिला होता, पण तो फलाटाच्या दुसऱ्या टोकाचा, हा राहून गेला होता. वही काढून लिहून घेतला.

मग आम्ही पुलाकडे निघालो. फूफींचा एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. दर पायरीला त्या पुटपुटत होत्या. मला वाटले, दुआ पढत आहेत. वर पोहोचल्यावर त्यांनी आकडा सांगितला. माझ्या नोंदीपेक्षा एक जास्त होता. नातवाला सामान धरायला सांगून मी परत खाली उतरले, मोजायला.